बिल अडलंय? आधी टेप धरू, मग बोलू

घरमालक, कंत्राटदार आणि हाउसिंग सोसायट्यांसाठी माहितीपत्रक

बांधकामात वाद झाला की दोन्हीकडून पहिला शब्द निघतो तो 'फसवलं'. आम्ही असे वाद मोजमाप करून आणि सलोख्याने मिटवतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांत फसवणूक कोणीच केलेली नसते. दर ठरलेला असतो, पण मोजायचं कसं हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

प्लास्टरचंच घ्या. मालक खिडकी आतून-बाहेरून दोन्हीकडून वजा करतो. कंत्राटदार म्हणतो, कडा काढायलाच गवंड्याचा निम्मा दिवस जातो, वजावट कसली? बांधकाम कसं मोजायचं ते सांगणाऱ्या भारतीय मानक (आयएस) १२०० मध्ये याचं उत्तर आहे. भिंतीला दोन्ही बाजूंनी सारखंच प्लास्टर असेल, तर अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट नाही. ०.५ ते ३ चौरस मीटरची खिडकी किंवा दार एकाच बाजूने वजा करायचं, कडांचे वेगळे पैसे नाहीत. त्याहून मोठं असेल तर दोन्ही बाजू वजा, पण कडा मोजून धरायच्या. म्हणजे चार बाय चार फुटांची खिडकी एकदाच वजा होते. इथे मालकही अर्धा चुकलेला असतो आणि कंत्राटदारही. करारात वेगळी पद्धत लिहिली असेल तर अर्थात तीच चालते.

म्हणून आम्ही वाटाघाटीला बसण्याआधी साइटवर जातो. टेपचं एक टोक मालकाच्या हातात, दुसरं कंत्राटदाराच्या. आमचा इंजिनिअर फक्त आकडे मोठ्याने वाचतो आणि वहीत लिहितो. एकेका खोलीचं माप झालं की त्या पानावर दोघांची सही. एका बंगल्यावर हॉल मोजताना दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते, वरच्या बेडरूममध्ये पोचेपर्यंत मालकच सांगत होते, "इथला कोनाडा राहिला, तो यांनी जादा केलाय, लिहा." चहा त्यानंतर आला.

गळतीचा वाद असेल तर स्लॅबवर पाणी साठवून दोघांसमोर पाहायचं. काँक्रीटवर शंका असेल तर कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापलेले गोल नमुने, काढून प्रयोगशाळेत द्यायचे: काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ प्रमाणे कोअरची सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. डोळ्यांनी बघून 'माल कच्चा आहे' म्हणणं आम्ही ग्राह्य धरत नाही, मग ते कोणीही म्हणो.

आकडे जुळले की उरते तडजोड. ती १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्याखाली लेखी झाली, दोन्ही पक्षांनी सह्या केल्या आणि सलोखाकाराने, म्हणजे समेट घडवणाऱ्या मध्यस्थाने, ती साक्षांकित केली, तर तिला लवादाच्या निवाड्याइतकीच ताकद येते. नुसत्या साध्या कागदावरच्या समजुतीला ती नसते, एवढं लक्षात ठेवा. सलोख्याच्या बैठकीत तुम्ही पैसे थोडे सोडायची तयारी दाखवली, तर ती पुढे कोर्टात किंवा लवादापुढे तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. तेव्हा मोकळेपणाने बोला.

नाहीच जमलं तर लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी तिऱ्हाइताने दिलेला निवाडा. त्यासाठी लेखी करार लागतो. अनेक करारनाम्यांत 'वाद झाल्यास मालकाच्या आर्किटेक्टचा निर्णय अंतिम' असं कलम दिसतं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर एका पक्षाचा सल्लागार लवाद म्हणून बसू शकत नाही. वाद उभा राहिल्यावर दोघांनी लेखी संमती दिली तरच बसू शकतो. नवा करार करत असाल तर हे कलम आजच बदलून घ्या. लवादाने दोन्ही बाजूंची लेखी निवेदनं पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा द्यायचा असतो, आणि दोघांच्या संमतीने आणखी सहा महिने मिळतात.

आता सर्वांत कळकळीची सूचना. थकलेल्या बिलाचा दावा करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि 'बघू, दिवाळीनंतर देतो' अशा बोलण्याने ती थांबत नाही. चांगले, कष्टाळू कंत्राटदार भिडेखातर गप्प बसतात आणि हक्क गमावतात. मुदत संपण्याआधी 'इतकी बाकी देणे आहे' असं समोरच्याकडून लिहून सही घ्या; त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते.

बिल्डरकडून फ्लॅट घेतलेल्यांची वाट वेगळी आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष दिसला आणि तुम्ही कळवलं, तर रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याप्रमाणे बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. महारेराचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेरा प्राधिकरणाचा, स्वतःचा सलोखा मंच आहे. तिथे आधी जा. आम्ही तुमची दोषांची यादी आणि फोटो नीट लावून देऊ.

आमची फी दोन्ही पक्ष निम्मी-निम्मी भरतात. दोघांपैकी एकाचं काम आम्ही पूर्वी केलं असेल तर ते सुरुवातीलाच सांगतो आणि प्रकरण घेत नाही. मजुराला इजा झाली असेल किंवा इमारत धोकादायक वाटत असेल, तर आमच्याकडे थांबू नका, थेट पोलीस किंवा महापालिकेकडे जा.

येताना करारनामा, मंजूर नकाशा, दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि जादा कामाबद्दलचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणा. मेसेज पुसू नका, रागाच्या भरात लिहिलेलेसुद्धा. आणि वादातल्या भिंतीला रंग लावायचा थांबवा, आम्ही पाहून जाईपर्यंत.