गाडीचा फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा टाकावा का?

‘दहा अँपिअरचा फ्यूज सारखा उडत असेल तर वीसचा टाका, नाहीतर चांदीचा कागद गुंडाळा, काम होतं,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात ब्लोअर (गाडीत हवा फेकणारा पंखा) बंद पडला की तो पटतोही, कारण ब्लोअर लगेच चालू होतो.

पण फ्यूज असतो तो वायर वाचवायला. 10 अँपिअरच्या जागी 20 टाकला, तर बिघाड झाल्यावर आधी वायर तापते, तिचं आवरण वितळतं आणि डॅशबोर्डमागे आग लागू शकते. चांदीचा कागद तर कधी तुटेल याचा भरवसाच नाही.

तपासणी सोपी आहे. चावी बंद करून फ्यूज चिमट्याने सरळ ओढा. आतली पट्टी तुटलेली किंवा काळवंडलेली दिसेल. शंका वाटल्यास मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वीज आरपार जाते का, हे पाहण्याच्या सेटिंगवर) लावा. फ्यूज चांगला असेल तर मीटर बीप देतो. नवा त्याच आकड्याचाच हवा: लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. आकडा फ्यूज बॉक्सच्या झाकणावरून घ्या, जुन्या फ्यूजवरून नको. आधी कुणीतरी चुकीचा बसवलेला असू शकतो.

नवाही लगेच उडाला, तर थांबा. पत्र्याला घासलेली वायर, होल्डरमध्ये शिरलेलं पाणी किंवा धुळीने जाम झालेली मोटर शोधा.

फ्यूज शाबूत असेल तर रिले, म्हणजे छोट्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, तपासा. त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, त्याच्या जागी लावून पाहा. ‘टिक’ आवाज आला म्हणजे रिले चांगला, असं नव्हे. तो फक्त कॉइलचा आवाज. करंट जोडणारे आतले पॉइंट जळलेले असू शकतात.