इलेक्ट्रोस्पिनिंग : पाणी-हवा साफ करणारे नॅनोधागे आणि गोवा

इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणजे पॉलिमरच्या (प्लास्टिकसारख्या लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थाच्या) घट्टसर द्रावणाला हजारो व्होल्टची वीज लावून त्यातून अतिबारीक धागे ओढायची पद्धत. शिरवळ्यो (तांदळाच्या शेवया) करताना वरून दाबावं लागतं, इथं दाबणारं कोणी नाही, वीजच खेचते. सिरिंज पंप तासाला जेमतेम एखादा मिलीलिटर द्रावण सुईतून सोडतो, सुईला १० ते ३० किलोव्होल्ट लावलेले असतात आणि सुईपासून १०-२० सेंटिमीटर अंतरावर अॅल्युमिनियम फॉइल असते. टोकावरचा थेंब ताणला जाऊन शंकूसारखा होतो (जेफ्री टेलरने १९६४ मध्ये त्याचं गणित मांडलं म्हणून त्याला टेलर कोन, म्हणजे टेलरचा शंकू, म्हणतात), त्यातून धार सुटते, वाटेत वेड्यासारखी भिरभिरते, द्रावक उडून जातो आणि फॉइलवर पांढरा पापुद्रा जमायला लागतो. एकेक धागा साधारण १०० ते ५०० नॅनोमीटर, म्हणजे केसापेक्षा शेकडो पट बारीक.

कल्पना जुनीच आहे. १९०२ ची अमेरिकन पेटंटं आहेत, १९३४ मध्ये फॉर्महाल्सचं पेटंट आलं, १९३० च्या दशकाअखेर सोव्हिएत संघात असल्या धाग्यांचे हवेचे फिल्टरही बनले. मग विषय बाजूला पडला तो १९९० नंतर परत वर आला.

उपयोगाचं सूत्र एकच, थोड्या वजनात प्रचंड पृष्ठभाग. हवेतली धूळ अडते, पॉलिस्टायरीनचे धागे पाणी सोडून तेल पितात, आणि कायटोसान या नैसर्गिक पॉलिमरवरचे अमिनो गट (नायट्रोजन असलेले रासायनिक गट) तांबं, शिसं असले धातू धरून ठेवतात. कायटोसान सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालींपासून निघतं, म्हणून गोव्यात हा विषय निघाला की सगळ्यांना पहिल्यांदा तेच आठवतं. पण ते एकटं नीट कातलं जात नाही, आम्लात त्याच्यावर इतका विद्युतभार असतो की धागा तुटून नुसते थेंब उडतात, मग पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) किंवा पॉलिइथिलीन ऑक्साइड असं दुसरं पॉलिमर मिसळावं लागतं. आणि पीव्हीए तर पाण्यात विरघळतं, त्यामुळे क्रॉसलिंकिंग (रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडून टाकणं) केलं नाही तर गाळणीच गाळलेल्या पाण्यासोबत निघून जाणार!

त्यात इथली हवा. पावसाळ्यात दमटपणा सहज ८०-९० टक्के असतो, अशा हवेत पाण्यातल्या द्रावणाचा धागा ओलाच फॉइलवर पडतो, एकमेकांना चिकटतो, मध्येमध्ये मणी होतात. बंद पेटी आणि डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढणारं यंत्र) नसेल तर जून-जुलैचे नमुने मार्चच्या नमुन्यांशी जुळवायला जाऊ नये.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येतात तेव्हा हे धागे वापरा अशी सूचना हमखास होते. तेल पातळ आणि ताजं असताना तरंगत असेल तर ठीक आहे हो, पण गोळा म्हणजे लाटांनी घोटलेलं, वाळू मिसळलेलं अर्धघट्ट डांबर, ते धाग्यात शोषलंच जात नाही, तिथं फावडंच बरं. खाणपट्ट्यातल्या लाल पाण्याचंही तसंच, डिचोली-सांगेकडचा बारीक गाळ पापुद्र्याची भोकं लगेच बुजवतो, म्हणून आधी सेटलिंग पाँड (गाळ खाली बसू देणारं तळं) आणि मग उरलेल्या विरघळलेल्या धातूंपुरतं हे, असा क्रम लावला तरच पैसे सार्थकी लागतात.

उत्पादन हा आणखी एक घोळ. एका सुईतून तासाला ग्रॅमभरही माल निघत नाही, म्हणून चेक प्रजासत्ताकात सुईऐवजी फिरत्या रोलरवरून कातणारी यंत्रं निघाली. डीएमएफसारखा (डायमिथाइलफॉर्मामाइड) विषारी द्रावक असेल तर त्याची वाफ कुठे सोडायची हेही आधी ठरवावं लागतं, आणि धातूंनी भरलेला पापुद्रा आम्लाने धुऊन काही वेळा परत वापरता येतो, पण ते धुतलेलं पाणी मग धोकादायक कचऱ्यातच जातं.