इंग्रजीचे उपसर्ग मागे कसे पडले

इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या मठात ख्रिस्ती साधू वर्षवार बखर लिहीत असत. तिच्यात ११३७ सालाखाली एक नोंद सापडते. स्टीफन राजाने सॉल्झबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर आणि चॅन्सलर असलेला दुसरा एक रॉजर अशा तिघांना कैदेत टाकलं आणि आपापले किल्ले सोडून देईपर्यंत बाहेर काढलं नाही. या ‘सोडून देण्या’साठी बखरकाराने लिहिलेले शब्द आहेत ‘याव्हेन अप’. म्हणजे आजचं ‘गेव्ह अप’. शाळेच्या वहीत डाव्या रकान्यात ‘गिव्ह अप’ आणि उजव्या रकान्यात ‘सोडून देणे’ असं लिहून आपण जे पाठ केलं, ते त्या मठातही जवळपास याच अर्थाने चालत होतं.

तरी क्रियापदामागे ‘अप’सारखा छोटा शब्द जोडायची ही रचना, म्हणजे आजचं ‘फ्रेझल व्हर्ब’, बखरीच्या काळात नवखीच होती. त्याआधीच्या जुन्या इंग्रजीचा कल वेगळा होता. तिथे छोटा शब्द बहुतेक वेळा क्रियापदाच्या पुढे बसायचा, आपल्या उपसर्गासारखा. ‘ओव्हरकम’, ‘फर्गिव्ह’, ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’ ही त्या काळची उरलेली माणसं. ‘विथस्टँड’ म्हणजे तोंड देणं, टिकाव धरणं. यातल्या ‘विथ’चा आजच्या ‘सोबत’शी मेळ बसत नाही, कारण जुन्या इंग्रजीत ‘विथ’ म्हणजे ‘विरुद्ध’. ‘फाइट विथ’ म्हणताना आपण ज्याच्याशी भांडतो तो सोबती नसून समोरचा असतो, ते यामुळेच.

उपसर्ग धातूचा अर्थ ‘बलात् अन्यत्र’, म्हणजे जबरदस्तीने भलतीकडे नेतो, हे आपल्याकडे श्लोकातच सांगून ठेवलंय: प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. एका ‘हृ’ धातूची ही पाच तोंडं. इंग्रजी आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे हे साम्य योगायोगाचं नाही. मात्र दोघींनी वाटा उलट्या धरल्या. ऋग्वेदात उपसर्ग सुटा फिरतो. कधी क्रियापदाच्या मागे येतो, तर कधी दोघांच्या मध्ये भलतेच शब्द येतात. पाणिनीने याची नोंद केली आहे. ‘ते प्राग्धातोः’ म्हणजे उपसर्ग धातूच्या आधी, हा नियम. आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत वेदाला सवलत, की तिथे तो नंतरही चालेल आणि अंतर ठेवूनही चालेल. पुढच्या संस्कृतात उपसर्ग धातूला कायमचा चिकटला. इंग्रजीत तो पुढची जागा सोडून मागे गेला आणि सुटा झाला. ‘गिव्ह इट अप’मध्ये क्रियापद आणि ‘अप’ यांच्या मधे ‘इट’ खुशाल येऊन बसतं. पाणिनीला यात फारसं नवल वाटलं नसतं.

हे का झालं, याला एकच कारण देता येत नाही. वाक्यात क्रियापद शेवटाकडून मधे सरकलं आणि सुटा छोटा शब्द त्याच्या मागे राहिला. क्रियापदाच्या पुढे चिकटलेल्या उपसर्गांवर आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, नसायचा, ते झिजत गेले. जर्मनमध्ये आजही ठणठणीत असलेला ‘गे’ हा उपसर्ग इंग्रजीत आधी नुसता ‘इ’ झाला आणि मग गेलाच. तिसरं कारण समुद्रापलीकडून आलं. ९व्या शतकात डेन लोकांनी पूर्व इंग्लंडचा मोठा पट्टा व्यापला, आणि पीटरबरो त्याच पट्ट्यातलं. त्यांच्या नॉर्स भाषेतले उपसर्ग आधीच गळून पडले होते आणि ‘गेफा उप्प’ अशी रचना तिच्यात होती. या प्रभावाला किती श्रेय द्यायचं यावर अभ्यासकांत वाद आहे. मला वाटतं, इंग्रजीचं पाऊल त्या दिशेला पडलंच होतं, शेजाऱ्यांनी मागून ढकललं.

मग १०६६ साली फ्रान्समधून नॉर्मन राज्यकर्ते आले. दरबार, न्याय, धर्म यांची भाषा फ्रेंच आणि लॅटिन झाली आणि एकाच कामासाठी दोन-दोन क्रियापदं तयार झाली: घरात ‘पुट ऑफ’, कचेरीत ‘पोस्टपोन’, घरात ‘पुट अप विथ’, कागदावर ‘टॉलरेट’. गंमत अशी की ‘पोस्टपोन’ही मुळात तसंच बनलेलं आहे. लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोन’ म्हणजे ठेवणं. फक्त छोटा शब्द पुढे. आपल्याला ही पुढची जागा ओळखीची. म्हणूनच की काय, ‘पोस्ट’ काढून ‘प्री’ लावला आणि ‘प्रीपोन’ भारतभर रूढ झालं. बाहेरचे लोक हसतात, पण प्रहाराचा आहार करणाऱ्या परंपरेत यात गैर काहीच नाही.

‘टू’ची कथा अशीच. जुन्या इंग्रजीत ‘टू’ हे निव्वळ दिशा दाखवणारं शब्दयोगी. ‘टो ड्रिंकेन्ने’ म्हणजे अगदी आपलं ‘प्यायला’: पाणी प्यायला गेला. यातला ‘ला’ हेतू सांगतो. पण ‘मला चहा प्यायला आवडतो’ म्हणताना कुठे जाणं नाही की हेतू नाही. ‘ला’ नुसता सांधा उरला. इंग्रजी ‘टू’चंही हेच झालं, आणि तो ‘वाँट’, ‘लाइक’, ‘ट्राय’च्या मागे सर्रास लागू लागला. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही क्रियापदं मात्र त्याआधीपासूनची सहायक; त्यांनी जुनी बिनटूची रीत सोडली नाही. ‘कॅन’चा मूळ अर्थ ‘जाणणं’, आणि संस्कृत ‘ज्ञा’ त्याच मुळातून आलेला. उलट ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ अजून खरा शब्दयोगी आहे, म्हणून तिथे ‘सी’ चालत नाही, ‘सीइंग’ लागतं. अर्जांच्या शेवटी सगळ्यात जास्त चुकतं ते हेच.

विद्वानांना हे मागे राहिलेले शब्द बराच काळ खटकत होते. १६७२ साली कवी-समीक्षक जॉन ड्रायडनने आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सन याच्या वाक्याच्या शेवटी शब्दयोगी येतं म्हणून दोष काढला, आणि हा दोष आपल्याही लिखाणात अलीकडेच दिसला अशी कबुली दिली. नुसती कबुली देऊन तो थांबला नाही. नाट्यकाव्यावरच्या आपल्या १६६८च्या निबंधाची १६८४ची आवृत्ती काढताना त्याने ‘जो काळ मी जगतो आहे त्यात’ अशा थाटाची वाक्यं शोधून सरळ केली. लॅटिनमध्ये असं चालत नाही, एवढाच काय तो आधार. कोशकार सॅम्युअल जॉन्सन जास्त समंजस निघाला. १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलं की क्रियापदाला मागून शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत आपल्या भाषेत कदाचित सर्वांत जास्त आहे आणि परक्यांना सर्वांत अवघड तीच जाते. पुढे ‘कम ऑफ’, ‘फॉल ऑन’, ‘ब्रेक ऑफ’ अशी मालिकाच दिली.

इतकं असून ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव पक्कं झालं ते २०व्या शतकात. लेखक लोगन पिअर्सल स्मिथने १९२५ साली ते छापलं आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगितलं. पाचच वर्षांनी भाषाभ्यासक सी. के. ऑग्डेनने परदेशी लोकांसाठी ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ काढली. तिच्यात क्रियापदं अवघी १८; बाकीचं काम ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ यांना ‘अप’, ‘ऑफ’, ‘आऊट’ जोडून भागवायचं. सॅम्युअल जॉन्सनने ज्याला सर्वांत अवघड म्हटलं, त्यावरच सोपी भाषा उभी करायची, असा हा घाट होता.

आपण मराठीत हेच काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो. ‘इट अप’ म्हणजे ‘खाऊन टाक’. इथला ‘टाक’ काही टाकत नाही, तसा ‘अप’ही वर जात नाही. बहुधा त्यामुळेच इंग्रजी बोलताना आपला हात जरा सैल सुटतो: ‘कोप’ला आपण ‘अप’ जोडतो, ‘रिटर्न’ला ‘बॅक’. आणि ‘यंदा पास आऊट झालो’ असं एखाद्या मुलाने अमेरिकेत सांगितलं, तर ऐकणारा त्याला पाणी आणून देईल, कारण तिथे त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं. मराठीत येताना मात्र आपण या जोडीचं सरळ नाम करून टाकतो आणि मागे आपलं क्रियापद लावतो. सेटअप लावला, बॅकअप घेतला, साहेबांनी सकाळपासून तीनदा फॉलोअप घेतला.