भट्टीतले लाकूड आणि पेलेटची पन्नास वर्षे

मुंबईतील लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या व तंदूरभट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य हरित इंधनाकडे वळावे, असा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला आणि लादीपाव कशावर भाजला जातो, याकडे शहराचे लक्ष गेले. धुराविरुद्धची तक्रार मात्र मुंबईला नवी नाही. गिरण्यांच्या धुराड्यांचा त्रास वाढल्यावर १९१२ मध्येच येथे धूर-उपद्रवाचा स्वतंत्र कायदा झाला होता. नवा आहे तो ‘हरित इंधन’ हा शब्द. लाकडालाच हरित ठरवण्याचा जगातला सर्वांत मोठा प्रयोग पेलेटच्या रूपाने झाला, म्हणून त्याची हकीकत येथे मांडली आहे.

पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली, साधारण ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीची कांडी. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये तेलाला पर्याय शोधला जात असताना लाकूड गिरण्यांतील भुशाच्या ढिगांकडे इंधन म्हणून पाहिले जाऊ लागले. अमेरिकेत रुडॉल्फ गनरमन यांना १९७७ मध्ये अशा कांड्या बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. भुसा वाळवून, बारीक करून जाड पोलादी साच्याच्या भोकांतून रेटला की दाबाने आणि उष्णतेने लाकडातलेच लिग्निन हे तंतूंना जोडून ठेवणारे द्रव्य मऊ होते आणि थंड होताना घट्ट बसते; वेगळा डिंक लागतोच असे नाही. पुढे १९८० च्या दशकात पेलेट स्वतःहून थोडे थोडे आत सोडणाऱ्या घरगुती शेगड्या आल्या. स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर लावल्यावर तेथील शहरांना गरम पाणी पुरवणाऱ्या केंद्रांनी कोळसा आणि तेल सोडून लाकडाकडे वळायला सुरुवात केली.

कार्यक्षमतेचे गणित मुख्यतः पाण्याचे आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्मे पाणी असते आणि ते वाफ होऊन उडेपर्यंत आगीची बरीच उष्णता त्यातच खर्ची पडते. अशा एक किलो लाकडातून जेमतेम ८ मेगाज्यूल उष्णता मिळते, चांगल्या वाळलेल्या लाकडातून सुमारे १५, तर १० टक्क्यांहून कमी ओल असलेल्या पेलेटमधून साधारण १७. खरा फरक मात्र जाळण्याच्या पद्धतीत पडतो. सर्व कांड्या एकसारख्या असल्याने किती इंधन आत जाते आणि त्याला किती हवा लागते, हे यंत्राला ठरवता येते. तीन दगडांच्या चुलीत १० ते १५ टक्केच उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते. चांगला पेलेट बॉयलर ८५ ते ९० टक्के उष्णता पाण्याला देतो. (मुंबईकराला खोली तापवण्याची गरज कधी पडत नाही, पण ज्यांच्या घरी पाणी तापवायचा बंब होता, त्यांना ओल्या ढलप्यांनी डोळ्यांची काय अवस्था होते, हे सांगावे लागणार नाही.)

धुराचेही तसेच. अर्धवट जळलेल्या लाकडातून काजळी, डांबरी द्रव्ये आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. पूर्ण ज्वलन झाले की हे बहुतांशी जळून जाते आणि धुरातल्या सूक्ष्म कणांत मुख्यतः पोटॅशियमचे क्षार उरतात. त्यामुळे पेलेटचा धूर चुलीपेक्षा कितीतरी कमी असतो, तरी गॅसच्या ज्योतीपेक्षा तो पुष्कळच जास्त ठरतो. शिवाय पेलेट कशाची आहे, यावर बरेच अवलंबून असते. साल काढलेल्या लाकडाच्या उत्तम युरोपीय पेलेटमध्ये राख ०.७ टक्क्यांपर्यंतच चालते. भाताच्या पेंढ्यात ती १५ टक्क्यांच्याही वर जाऊ शकते.

कार्बनचा हिशेब हा मात्र धुरापासून वेगळा ठेवायला हवा, आणि नेमके तेच बहुतेक वेळा होत नाही. एक गिगाज्यूल उष्णतेमागे नैसर्गिक वायूतून सुमारे ५६ किलो, कोळशातून ९५ किलो आणि लाकडातून ११२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तरीही ऊर्जाक्षेत्राच्या हिशेबात लाकडाचे उत्सर्जन शून्य धरले जाते, कारण झाड तोडले तेव्हाच ते जमीन आणि जंगलाच्या खात्यात नोंदले गेले, असे मानतात. युरोपीय संघाच्या अक्षय ऊर्जेविषयीच्या २००९ च्या निर्देशानंतर याच नियमामुळे ब्रिटनमधील ड्रॅक्ससारख्या कोळशाच्या वीज केंद्राने पेलेटची वाट धरली आणि अमेरिकेच्या आग्नेय भागातून पेलेटची जहाजे निघू लागली. गिरणीतला भुसा वापरला तर हा हिशेब पटण्यासारखा आहे; त्यासाठी उभे झाड तोडले, तर तो कार्बन पुन्हा झाडात परतायला काही दशके लागतात.

भारतात पेलेट आली ती शेतीच्या टाकाऊ मालातून. साधारण २००६ पासून बीपी या तेल कंपनीने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने ‘ऊर्जा’ ही पेलेटवर चालणारी पंख्याची शेगडी आणली, आणि महाराष्ट्रातही ती विकली गेली. कच्चा माल महागला तशी पेलेट महागली आणि शेगड्या पडून राहिल्या. हा धडा फारसा कोणी लक्षात ठेवलेला दिसत नाही. २०२१ मध्ये केंद्राने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ ते १० टक्के पेलेट मिसळण्याचे धोरण दिले, तेव्हा त्याच मालाला मोठा गिऱ्हाईक मिळाला.

मुंबईच्या बेकऱ्यांचा प्रश्न त्याहून निराळा आहे. वखारीतले लाकूड महाग पडते म्हणून अनेक भट्ट्यांत जुन्या फर्निचरचे आणि प्लायवुडचे भंगार जाते, आणि त्यातले रंग, लॅमिनेट व चिकट रसायने धुरात उतरतात. अशा भट्टीत पेलेटचा बर्नर बसवला तर धूर नक्कीच घटेल. मात्र जुनी विटांची भट्टी आधी तापवून नंतर साठलेल्या उष्णतेवर पाव भाजते, तर बर्नर स्थिर आगीसाठी बनवलेला असतो, म्हणून भट्टीची रचनाही बदलावी लागेल. शिवाय पेलेट कोरड्या जागीच ठेवावी लागते. चाळीच्या तळमजल्यावरच्या बेकरीत जून ते सप्टेंबर तशी जागा सापडणे कठीण, आणि ओल लागलेली पेलेट फुगून काही दिवसांत पुन्हा भुसा होते.