पोरीगॉनला शिक्षा कशाची? पोकेमॉनच्या ३८व्या एपिसोडची पार्श्वभूमी

पोकेमॉन बघत मोठी झालेली मंडळी आपल्याकडे भरपूर आहेत, त्यामुळे ॲश कोण, पिकाचू कोण हे सांगत बसत नाही. ३८वा एपिसोड मात्र आपल्याकडे कधी लागलाच नाही. १६ डिसेंबर १९९७ ला संध्याकाळी साडेसहाला तो जपानमध्ये एकदा दाखवला गेला, त्यातल्या लखलखाटाने शेकडो मुलांना त्रास झाला, आणि त्यानंतर तो जगात कुठल्याच टीव्हीवर आला नाही. शिक्षा मात्र झाली ती त्यातल्या पोरीगॉन नावाच्या पोकेमॉनला.

टीव्हीच्या लखलखाटाने फिट येऊ शकते हे तोवर माहीत नव्हतं असं नाही. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये नूडल्सच्या एका जाहिरातीमुळे असे प्रकार झाले होते आणि तिथे नियमही आले. जपानमध्येही १९९७ च्याच मार्चमध्ये दुसऱ्या एका कार्टूनमुळे काही मुलं आजारी पडली होती, पण तेव्हा त्याचा गवगवा झाला नाही.

खरा घोळ आहे तो 'पाकापाका' या शब्दाचा. बऱ्याच जणांना वाटतं की हा या एपिसोडसाठी काढलेला काहीतरी खास इफेक्ट होता. तसं काही नाही. आपल्या 'लुकलुक'सारखा हा शब्द आहे आणि ॲनिमेशनवाले तो रोजच्या कामात वापरायचे. एक फ्रेम एका रंगाची, पुढची दुसऱ्या रंगाची, परत पहिली, की सीनमध्ये ताण येतो. सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे दर फ्रेमला लाल-निळं बदललं की सेकंदाला १२ जोड्या झाल्या, आणि मेंदूला त्रास देणारा वेग नेमका याच्या आसपासचा. त्यात झगझगीत प्रकाशाची 'फ्लॅश' ही वेगळी पद्धतही त्याच सीनमध्ये जोडीला होती. या दोन गोष्टी एकच समजून लिहिलं जातं, तिथेच सगळी गडबड होते.

आता सीन बघा. ॲश आणि मंडळी कॉम्प्युटरच्या आत शिरलीयत, बाहेरून त्यांना व्हायरस समजून अँटीव्हायरस सोडलाय, तो मिसाईलच्या रूपात मागे लागलाय, आणि पिकाचू त्यावर विजेचा तडाखा मारतो. स्फोट होतो आणि पाचसहा सेकंद स्क्रीन लाल-निळी फडफडते. पोरीगॉन तिथे असतो खरा, पण वीज पिकाचूची आहे!

६८५ मुलांना ॲम्ब्युलन्सने दवाखान्यात न्यावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. पण त्या रात्री बातम्यांमध्ये तोच तुकडा परत दाखवला आणि आणखी मुलांना त्रास झाला, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. नंतर काही अभ्यासकांनी म्हटलं की एकूण आकड्यातला मोठा भाग घबराटीचा होता. असेलही, पण फिट आलेल्या मुलांचं दुखणं त्याने खोटं ठरत नाही.

मालिका चार महिने बंद राहिली. १६ एप्रिल १९९८ ला परत आली तेव्हा मंगळवारऐवजी गुरुवार झाला होता आणि त्या दिवशी दोन एपिसोड एकदम दाखवले. सुरुवातीच्या गाण्याची चित्रंही बदलली. नवे नियम आले: लाल असेल तर सेकंदाला तीनच्या वर लखलखाट नको, एकूण दोन सेकंदांच्या वर नको. जपानी कार्टूनच्या सुरुवातीला 'खोलीत उजेड ठेवा, टीव्हीपासून लांब बसा' अशी ओळ येते ना, ती तेव्हापासून रुळली. या बंदमुळे नाताळचा आणि बर्फातला असे दोन एपिसोड मागे पडले, ते थेट ५ ऑक्टोबर १९९८ ला लागले. तोवर ॲशचा चारमँडर हा आगीचा पोकेमॉन वाढून चारिझार्ड झाला होता, आणि बर्फाच्या गुहेत ॲशला ऊब द्यायला बाहेर येतो तो छोटा चारमँडरच, कारण एपिसोड आधीच बनलेला होता.

नियम आले ते योग्यच. पण पोरीगॉनला मालिकेतून जवळपास कायमचं काढून टाकायचा निर्णय मला आजही पटत नाही. पिकाचू पोस्टरवर राहिला. २०२० मध्ये तर पोकेमॉनच्याच अधिकृत ट्विटर अकाउंटवरून 'पोरीगॉनची काही चूक नव्हती' असं लिहिलं गेलं, तरी त्याला एपिसोड काही मिळाला नाही. त्याची पुढची दोन रूपं, पोरीगॉन२ आणि पोरीगॉन-झी, यांच्यावरही एक एपिसोड नाही, आणि १९९७ च्या त्या संध्याकाळी ती दोघं गेममध्येसुद्धा आलेली नव्हती.