पवित्र वाचन (लेक्सिओ दिविना)

पवित्र शास्त्रातला एखादा छोटा उतारा सावकाश, पुन्हापुन्हा वाचायचा, त्यातले जे वचन मनाला लागेल ते धरून बसायचे आणि त्याला प्रार्थनेने उत्तर द्यायचे, अशी ख्रिस्ती भक्तीतली एक जुनी रीत. लॅटिनमधले ‘लेक्सिओ दिविना’ हे तिचे नाव. अर्थ ‘दैवी वाचन’. मिलानचा बिशप अँब्रोझ याने चौथ्या शतकात लिहिले की आपण प्रार्थना करतो तेव्हा देवाशी बोलतो आणि त्याची वचने वाचतो तेव्हा त्याचे ऐकतो. वाचन आणि प्रार्थना यांची अशी जोडी तुटली की दोन्ही कोरडी पडतात. वाचन माहितीपुरते उरते आणि प्रार्थना मागण्यांच्या यादीपुरती.

बायबलमध्ये एकूण १,१८९ अध्याय आहेत (रोमन कॅथलिक बायबलमधली जादा पुस्तके सोडून). वर्षात सगळे वाचायचे तर रोज तीन-चार अध्याय होतात. असा वाचनक्रम चांगलाच, कारण त्याने संपूर्ण शास्त्राची ओळख राहते. पवित्र वाचनाला मात्र सहा ते बारा वचने पुरतात, कधी एकच पुरते. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत कोंबू नयेत. मन उरलेले अध्याय मोजत राहते आणि ऐकणे होत नाही.

मनन या शब्दाचा अर्थ

बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रातला धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो. तिथले मूळ हिब्रू क्रियापद ‘हागा’ म्हणजे ओठांतल्या ओठांत पुटपुटणे. यशयाच्या पुस्तकात भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी (३१:४, म्हणजे अध्याय ३१, वचन ४) आणि पारव्याच्या घुमण्यासाठी (३८:१४) हेच क्रियापद येते. मनन म्हटले की आज डोळे मिटून विचार करणारा माणूस समोर येतो. त्या काळी ते तोंडाचे आणि कानांचे काम होते. म्हणून या रीतीत उतारा मोठ्याने, निदान ओठ हलवून वाचतात. डोळे ओळी गाळतात, जीभ सहसा गाळत नाही.

परंपरा

तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने आपला शिष्य ग्रेगरी याला पत्र लिहून शास्त्राच्या वाचनाला वाहून घ्यायला सांगितले. ठोठावणे आणि शोधणे एवढ्यावर थांबू नकोस, समजण्यासाठी सगळ्यात गरजेची आहे ती प्रार्थना, असे त्याने बजावले. ईजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी हातांनी काम करता करता तोंडपाठ स्तोत्रे म्हणत. त्यांच्याकडची रीत योहान कासियन या संन्याशाने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिमेकडे पोचवली. स्तोत्र ७० चे पहिले वचन, ‘देवा, माझ्या साहाय्याला धावून ये’ या आशयाचे, सुखात, भीतीत, थकव्यात, झोपेआधी सतत म्हणत राहावे, असे तो सांगतो.

इटलीतला मठाधिपती बेनेडिक्ट याच्या मठनियमात (सुमारे ५३०) ४८ वे प्रकरण याच विषयाचे. आळस हा आत्म्याचा शत्रू, असे म्हणून तो अंगमेहनतीचे तास आणि पवित्र वाचनाचे तास ठरवून देतो. लेंटच्या उपासकाळात प्रत्येकाला एक ग्रंथ मिळे आणि तो सुरुवातीपासून सलग वाचावा लागे. त्या तासांत एक-दोन ज्येष्ठ मठवासी फेरी मारून कोणी रेंगाळत किंवा गप्पा मारत बसले आहे का, ते पाहत. देवाला वाहून घेतलेल्या माणसांचेही वाचनात लक्ष लागत नसे, हे त्या नियमातच दिसते. आजच्या वाचकाने त्यातून धीर घ्यावा.

चार पायऱ्यांची मांडणी बाराव्या शतकातली. फ्रान्समधल्या ग्रांद शार्त्रज या कार्थूसियन पंथाच्या मठाचा नववा प्रमुख दुसरा गीगो याने आध्यात्मिक जीवनाची शिडी वर्णिली: वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन, लॅटिनमध्ये लेक्सिओ, मेदितासिओ, ओरासिओ, कोंतेंप्लासिओ. वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थना त्याची चव काढते आणि चिंतन म्हणजे ती गोडीच. मननाविना वाचन रुक्ष होते आणि वाचनाविना मनन वाट चुकते, असेही तो सांगतो.

सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या बाजूनेही ही शिदोरी टाकून दिली नाही. मार्टिन लूथरने १५३५ मध्ये आपल्या ओळखीच्या एका न्हाव्यासाठी प्रार्थनेची सोपी रीत लिहून दिली. दहा आज्ञांतली एकेक आज्ञा घ्यायची आणि तिचा चार पदरी गोफ विणायचा: यातून मला काय शिकवले आहे, मी कशाबद्दल आभार मानू, कशाची कबुली देऊ आणि काय मागू. चांगल्या न्हाव्याची नजर वस्तऱ्यावर आणि केसांवर असते, गप्पांत रमला तर तो कोणाचे तरी नाक कापील, असे सांगून प्रार्थनेतही चित्त तसेच हवे, असे त्याने लिहिले. १५३९ मध्ये त्याने ११९ व्या स्तोत्रावरून प्रार्थना, मनन आणि कसोटी असे तीन नियम काढले. ‘कसोटी’ हा त्याचा तिसरा शब्द मोलाचा: वचन खरे किती, हे संकटात उतरल्यावरच कळते.

रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ च्या आपल्या दस्तऐवजात शास्त्रवाचनाला प्रार्थनेची जोड हवी, असे सर्व विश्वासणाऱ्यांना उद्देशून सांगितले आणि मठांतली ही रीत घराघरांत जाण्याला बळ मिळाले. पोप सोळावा बेनेडिक्ट याने २०१० मध्ये चार पायऱ्यांपुढे ‘कृती’ जोडली: वाचन जगण्यात उतरेपर्यंत ते पुरे होत नाही.

पूर्वतयारी

उतारा आदल्या रात्रीच ठरवावा. सकाळी पाने चाळत बसले की निम्मा वेळ त्यातच जातो. नवख्याने मार्कच्या शुभवर्तमानापासून सलग सुरुवात करावी. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे, १६ अध्यायांचे, आणि त्यातले प्रसंग आटोपशीर आहेत. स्तोत्रे केव्हाही चालतात. जुन्या कॅथलिक प्रार्थनाग्रंथांत बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक एकाने मागे असतो (२३ वे स्तोत्र तिथे २२ वे), तेवढे ध्यानात ठेवावे.

अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, आणि नव्या कराराचे वचनांचे आकडे १५५१ मध्ये छापखान्यातून आलेले. त्यामुळे उतारा आकड्यांवरून तोडू नये. यशयाच्या ५३ व्या अध्यायातले दुःखी सेवकाचे गीत खरे तर ५२:१३ पासून सुरू होते. १ करिंथ ११:१ हे वाक्य दहाव्या अध्यायाची अखेर आहे. प्रसंग किंवा मुद्दा जिथे सुरू होतो तिथून तो संपेपर्यंत वाचावे.

भाषांतर रोज एकच असावे, म्हणजे शब्द ओळखीचे होतात आणि दिवसभर आठवतात. अडलेल्या जागी दुसरे भाषांतर किंवा टिपा बघायच्या त्या बैठकीआधी. वेळ वीस ते तीस मिनिटे, जागा रोजची तीच, फोन दुसऱ्या खोलीत. बायबल फोनवरच वाचत असाल तर या कामापुरती छापील प्रत घ्यावी, कारण येणारा प्रत्येक संदेश धागा तोडतो.

एक उतारा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मार्क १०:४६-५२ घेऊ. सातच वचने. आधी मिनिटभर शांत बसून पवित्र आत्म्याला साहाय्य मागावे.

पहिल्या वाचनात नुसता प्रसंग पाहायचा. यरीहोची वाट, कडेला बसलेला आंधळा भिकारी बार्तिमय, येशू जातो आहे हे कळताच त्याचे ओरडणे, लोकांचे दटावणे आणि त्याचे आणखी मोठ्याने ओरडणे. दुसऱ्या वाचनात वेग निम्मा करावा. आता बारीक गोष्टी दिसू लागतात. येशू थांबतो. दटावणारेच आता ‘धीर धर, ऊठ’ म्हणतात. बार्तिमय आपले वस्त्र टाकून उठतो. गरिबाचे वस्त्र हेच त्याचे रात्रीचे पांघरूण, म्हणून गहाण घेतले तरी ते सूर्यास्तापूर्वी परत द्यावे, असे नियमशास्त्र सांगते (निर्गम २२:२६-२७). ज्याला ते पुन्हा चाचपडून शोधावे लागले असते तो ते भिरकावतो.

तिसऱ्या वाचनात जिथे मन अडखळेल तिथे थांबायचे. समजा, अडखळले ते येशूच्या प्रश्नापाशी: मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? समोर आंधळा उभा असताना हे विचारायचे कशाला? मननात हा प्रश्न ओठांत घोळवावा. घोळवताना आठवते की याच अध्यायात, १०:३६ मध्ये, येशूने याकोब आणि योहान यांनाही हेच विचारले होते आणि त्यांनी उजवी-डावीकडची मानाची आसने मागितली होती. आंधळ्याने दृष्टी मागितली. आता प्रश्न वाचकाकडे वळतो. मी यांच्यातला कोणता?

प्रार्थना म्हणजे या प्रश्नाला दिलेले आपले खरे उत्तर. भाषा सजवायची गरज नाही. मानाची जागा हवी असेल तर तेच कबूल करावे आणि काय हवे असायला हवे, हेही येशूलाच विचारावे. चिंतनात शब्द सरतात, माणूस देवापुढे नुसता बसून राहतो. ही पायरी कष्टाने गाठता येत नाही, ती देणगी आहे. मिळाली नाही म्हणून बैठक वाया गेली असे धरू नये. शेवटी एखादी कृती ठरवावी, आजच्या आज होण्याजोगी. बार्तिमय दृष्टी मिळाल्यावर घरी गेला नाही, येशूमागे वाटेने चालू लागला, आणि ती वाट यरुशलेमेकडे, क्रूसाकडे जात होती.

वचन वहीत तारखेसह लिहून ठेवावे, एका ओळीत. पानेच्या पाने लिहिणाऱ्याचे लक्ष हळूहळू देवावरून वहीकडे सरकते.

गटात करायचे तर सहा-आठ जण पुरेत. तीन वाचने तीन वेगळ्या आवाजांत, दरम्यान दोन-तीन मिनिटांची शांतता, मग प्रत्येकाने आपले वचन फक्त उच्चारायचे. दुसऱ्याच्या बोलण्यावर टिप्पणी किंवा उपदेश करायचा नाही. हा एक नियम मोडला की बैठकीची चर्चासभा होते.

कुठे बिघडते

बायबल कुठेही उघडून बोट पडेल ते वचन देवाचा आदेश मानायचे, ही सवय जुनी आहे. ५०६ मध्ये फ्रान्समधल्या आग्दच्या धर्मपरिषदेने असा कौल लावण्यास मनाई केली. लोक ऑगस्टीनचा दाखला देतात: ३८६ मध्ये मिलानच्या बागेत त्याने पौलाची पत्रे उघडली आणि रोम १३:१३-१४ वाचून त्याचे जीवन पालटले. पण ती पत्रे तो आधीपासून वाचत होता, त्यांच्याशी झगडत होता. लग्न, नोकरी, शस्त्रक्रिया असे निर्णय एका वचनावर टांगू नयेत; प्रार्थनेत जे सुचले ते संदर्भाशी, मंडळीतल्या जाणत्यांशी आणि साध्या शहाणपणाशी ताडून पाहावे.

दुसरा बिघाड म्हणजे गोड भावनेचा पाठलाग. पहिले काही आठवडे मन भरून येते, पुढे एखादा महिना काहीच जाणवत नाही आणि माणूस बैठक सोडतो. जेझुइट संघाचा संस्थापक, लोयोलाचा इग्नातियस याने, ज्याच्या साधनेच्या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली, यावर दोन नेमके नियम दिले आहेत: रुक्षतेच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये, आणि बैठक लवकर आटोपण्याचा मोह होतो तेव्हा ठरल्यापेक्षा थोडे जास्तच बसावे. डुलकी येत असेल तर उभ्याने वाचावे. मन भरकटले तर ज्या काळजीकडे ते धावले तिच्याबद्दलच प्रार्थना करून वचनाकडे परतावे. आठवडेच्या आठवडे झोप, भूक, जगण्याची इच्छाच गेली असेल तर तो विश्वासाचा उणेपणा समजू नये. डॉक्टरकडे जावे आणि प्रार्थनाही चालू ठेवावी.

भरवसा

संदर्भ सुटला की भरवशाचीही मोडतोड होते. यिर्मया २९:११ हे उज्ज्वल भविष्याचे वचन पुष्कळांना पाठ असते. ते बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे आणि लगेच आधीच्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना काय सांगितले? घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. सुटका कधी, हे देवाच्या हाती सोडून आजचे काम मन लावून करणे, असा हा भरवसा.

त्यात तक्रारीलाही जागा आहे. ८८ वे स्तोत्र अंधारात संपते, पण तेही शेवटपर्यंत देवालाच उद्देशून आहे. मार्क ९:२४ मधला बाप आपला विश्वास आणि अविश्वास एकाच दमात बोलून दाखवतो, आणि येशू त्याच्या मुलाला बरे करतो. ज्याच्याजवळ प्रार्थनेला शब्द उरलेले नाहीत त्याने असे उतारे मोठ्याने वाचावेत. तीच त्याची प्रार्थना.

१३१ वे स्तोत्र तीनच वचनांचे आहे आणि झोपण्यापूर्वी वाचायला फार चांगले. त्यात दूध तुटलेल्या मुलाची उपमा आहे. अंगावर पिणारे मूल आईच्या कुशीत दुधासाठी चुळबुळते. दूध तुटलेले मूल काही न मागता तिथे पडून राहते, कारण तिथे आई आहे. वाचताना दिवसभरात जे आपल्या हाताबाहेरचे होते ते एकेक नावानिशी देवापुढे बोलावे, आणि दर नावानंतर दुसरे वचन पुन्हा म्हणावे.