उपाहारगृहाचा नवा प्रवेशमार्ग : वाहतूक-परिणामांचे मूल्यमापन

रस्त्यालगतच्या उपाहारगृहासाठी मुख्य रस्त्यावरून ये-जा करण्याची नवी वाट काढण्यापूर्वी तिचा त्या रस्त्यावरील वाहतुकीवर व सुरक्षिततेवर काय परिणाम होईल, याचा अंदाज घेण्याची पद्धत. मुख्य रस्त्याला वाटा कोठे व कशा जोडाव्यात हे ठरवणाऱ्या, वाहतूक अभियांत्रिकीतील प्रवेश-नियंत्रण या शाखेत ती मोडते. प्रवेश-नियंत्रणाला राज्यव्यापी नियमांचे स्वरूप साधारणतः १९८० च्या सुमारास अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आले, असे मानले जाते. अशा वाटेसाठी परवाना घेण्याची रीत मात्र त्याहून जुनी आहे.

उपाहारगृहाची गर्दी जेवणाच्या वेळांना एकवटते. बसून जेवण्याच्या ठिकाणी गाडी बराच वेळ उभी राहते. ड्राइव्ह-थ्रू खिडकीवरून, म्हणजे गाडीत बसूनच पदार्थ घेण्याच्या सोयीत, ती काही मिनिटांत बाहेर पडते. त्यामुळे तेवढ्याच जागेत फेऱ्या कितीतरी अधिक होतात. गाडी आत येणे ही एक फेरी आणि बाहेर पडणे ही दुसरी, अशी मोजणी करतात.

फेऱ्यांचा आकडा कसा ठरवावा, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त भाग होय. इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्स या संस्थेच्या ‘ट्रिप जनरेशन’ या संकलनाची पहिली आवृत्ती १९७६ ची. क्षेत्रफळामागे किंवा आसनामागे किती फेऱ्या, याचे दर त्यात मिळतात आणि बहुतेक अहवाल तेथूनच सुरू होतात. अमेरिकेतील नगरनियोजनाचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी २००३ मध्ये या दरांच्या वापरावर कठोर टीका केली. त्यांनी घेतलेले उदाहरण उपाहारगृहाचेच होते. १९८७ च्या चौथ्या आवृत्तीत ड्राइव्ह-थ्रू असलेल्या फास्ट फूड उपाहारगृहासाठी दर १,००० चौरस फुटांमागे दिवसाला ६३२.१२५ फेऱ्या असा दर दिला होता. त्यामागे केवळ ८ ठिकाणांची मोजणी होती आणि निर्धारण गुणांक ०.०६९ इतका होता; म्हणजे फेऱ्यांतील चढउताराचा जेमतेम ७ टक्के भाग क्षेत्रफळावरून उलगडत होता. अशा दराला तीन दशांश स्थळे देणे दिशाभूल करणारे आहे. दर मुळीच वापरू नयेत, असा याचा अर्थ कोणी घेत नाही. तथापि तशाच रस्त्यावरील, त्याच प्रकारच्या दोन-तीन चालू उपाहारगृहांच्या फाटकावर गर्दीच्या तासात केलेली मोजणी अधिक भरवशाची, हे मत ग्राह्य वाटते.

सगळ्या फेऱ्या रस्त्याला नव्या नसतात. एरवीही तेथून जाणारी गाडी वाटेत थांबली, तर तिला ‘वाटेवरची फेरी’ म्हणतात. गर्दीच्या तासात १०० फेऱ्या होणार असून त्यांतील निम्म्या वाटेवरच्या असतील, तर रस्त्यावर भर ५० फेऱ्यांचीच पडते. फाटकाशी वळणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्या मात्र १०० च राहतात. ही वजावट फाटकालाही लावली, की परिणाम निम्म्याने कमी दिसतो. अहवाल तपासताना ही चूक आधी शोधावी.

बाहेर पडणाऱ्या चालकाला मुख्य प्रवाहात पुरेशी फट, म्हणजे लागोपाठच्या दोन गाड्यांमध्ये पुरेसा वेळ, मिळते का, हे पुढे पाहतात. ‘हायवे कपॅसिटी मॅन्युअल’ या अमेरिकी मार्गदर्शिकेत दुपदरी रस्त्यासाठी मूळ निर्णायक फट (चालक स्वीकारतो ती लहानात लहान फट) प्रवाह ओलांडून वळण्यास ७.१ सेकंद, तर जवळच्या बाजूला वळण्यास ६.२ सेकंद धरली आहे. चालक कोणती फट स्वीकारतो, या फट-स्वीकाराची गणिती मांडणी टॅनर या संशोधकाच्या १९६२ च्या लेखात आढळते. ब्रिटनमध्ये किंबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे प्रत्यक्ष मोजणीवरून रेषीय सूत्रे बसवली. दोन्ही संप्रदाय आजही वापरात आहेत. अतिगर्दीत चालक फट मिळण्याची वाट न पाहता गाडी पुढे घुसवतात. अशा स्थितीत मोजणीवर उभी असलेली सूत्रे वास्तवाच्या अधिक जवळ जातात, असे दिसते. सिग्नल नसलेल्या ठिकाणी सरासरी विलंब ५० सेकंदांवर गेला, की सेवापातळी, म्हणजे वाहतुकीच्या सुरळीतपणाची श्रेणी, सर्वांत खालची ठरते.

दृष्टिपल्ल्याचे, म्हणजे चालकाला किती अंतरापर्यंतचा रस्ता दिसायला हवा याचे, गणित सोपे आहे. ताशी ६० किमी. वेगाच्या रस्त्यावर प्रवाह ओलांडण्यासाठी ७.५ सेकंद धरल्यास सुमारे १२५ मी. अंतरापर्यंतचा रस्ता मोकळा दिसायला हवा. फाटकाशेजारचा नामफलक किंवा उभी केलेली एक गाडीही हे अंतर खाऊन टाकते, आणि नकाशावर ती दिसत नाही. त्यामुळे चालकाच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे १.०८ मीटरवरून, जागेवर जाऊन पाहणे अत्यावश्यक आहे.

ड्राइव्ह-थ्रूची रांग रस्त्यावर येणार नाही, इतकी जागा फाटकाच्या आत असावी लागते. सर्व वळणे खुली असलेल्या तिठ्यावर वाहनांचे ९ संघर्षबिंदू, म्हणजे त्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा फुटतात अशा जागा, असतात. प्रवाह ओलांडणारी वळणे बंद केली, की ते २ उरतात. मात्र त्यामुळे गाड्या पुढच्या चौकात जाऊन उलट वळतात, म्हणून त्या चौकाचीही मोजणी करावी लागते. शेजारच्या मिळकतीशी सामाईक फाटक किंवा मागील गल्लीतून वाट, हे पर्यायही तपासतात.

पादचाऱ्यांचा विचार बहुतेक अहवालांत तोकडा असतो. पदपथ फाटकापाशी खाली उतरवण्याऐवजी त्याच पातळीवर सलग नेल्यास गाडीला वेग कमी करावा लागतो.